टाकीवरचा पोचा

“आता मी जे सांगनार हाय ना, त्याच्यावर कुनी इश्वास ठेवनार न्हाई,” सहादूने मांडीवर थाप मारली. “आन मी म्हनतो, ठेवूच नका!”

हे वाक्य तो गेली अठ्ठेचाळीस वर्षं म्हणत आला होता. आणि अठ्ठेचाळीस वर्षं ऐकणारी माणसं गालाला हात लावून बसत, माना डोलवत आणि सगळं खरं धरून उठत. सहादूच्या जिवाला घोर होता तो हाच. माणसाने थाप मारावी आणि ती कुणी पकडूच नये, यासारखी शिक्षा नाही. त्याच्या गोष्टीत मोटारसायकल ज्या ओढ्यातून गेली, त्याला पहिल्या वर्षी गुडघाभर पाणी होतं. दहाव्या वर्षी ते कमरेला लागलं. पुढे त्यात वाहून आलेला बैल आला, बैलाच्या पाठीवर नाग आला, आणि लेकीच्या लग्नात तर पारनेर तालुक्याच्या इतिहासात पहिल्यांदाच मगर आली. वऱ्हाडातल्या एका शहाण्यासुरत्या माणसाने फक्त एवढंच विचारलं, “केवढी होती?”

तर आजही तो सुरू झाला. पण आजची थाप निराळी होती. ती कुणीतरी पकडावी म्हणून सहादूने मुद्दाम रचली होती. का, ते कळायला सकाळपासूनच सुरुवात करावी लागेल.

राम भिंगारदिवे, सहादूचा थोरला भाऊ, जाऊन पंधरा वर्षं झाली. दर सालाप्रमाणे सुप्याच्या घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मेणबत्त्या लागल्या, अगरबत्ती लागली, सगळे हात जोडून बसले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं... चौथं आलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा. आणि नेमाप्रमाणे सहादूला ठसका लागला.

अठ्ठेचाळीस वर्षांत चौथं शील त्याच्या तोंडून पुरं बाहेर पडलेलं नव्हतं. पाचव्याला आवाज पुन्हा खणखणीत. शेजारी बसलेल्या कलाबाईने, त्याच्या वहिनीने, मान न वळवता पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. तो तिने वंदना सुरू व्हायच्या आधीच भरून ठेवला होता.

“अण्णा, डॉक्टरला दाखवा एकदा,” वंदना संपल्यावर दीपा म्हणाली. दीपा सहादूची लेक, राहुरीच्या विद्यापीठात मातीची तपासणी शिकवते; बापाच्या बोलण्याचीही तिला तशीच तपासणी करायची सवय. “बरोब्बर चौथ्यालाच खोकला कसा येतो हो तुम्हाला?”

“धूर गं. अगरबत्तीचा.”

“पाचव्याला धूर थांबतो का?”

कलाबाई उठली. “खीर लागंल खाली,” म्हणाली आणि आत गेली.

अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड. तिथे कलाबाईचा नातू प्रशांत सकाळी सहापासून होता; वंदनेपुरता हात धुऊन आला आणि परत पळाला. प्रशांत औद्योगिक वसाहतीत मशीनवर आहे. दोन वर्षं त्याने सुट्टीचा प्रत्येक दिवस आजोबांच्या जावा मोटारसायकलीत घातला होता. रामच्या मागे ती गाडी कडब्याखाली पडून होती. सीटमध्ये उंदरांच्या सात पिढ्या नांदून गेल्या होत्या. आता तीच गाडी स्टँडवर उभी होती, नवरी हळदीला बसावी तशी. आरे चकचकीत, सायलेन्सरची जोडी आरशासारखी. रंग कुठला होता याचा पत्ता नव्हता, तो सीटच्या बिजागरीखाली नखाएवढा सापडला होता, गर्द मरून. त्या नखावरून सगळी गाडी रंगली होती.

आणि भाग कुठून आले? इथेच तर गंमत. प्रशांत जुन्या दिव्यासाठी राहुरीला एका म्हाताऱ्याच्या दारात गेला. म्हातारा दिवा द्यायला तयार होईना. बोलता बोलता निघालं, की पोरगं सुप्याच्या नर्सबाईंचा नातू. म्हातारा उठला, आतून दिवा आणला, वर दोन कणसं दिली. “माझ्या दोन्ही लेकी तुझ्या आजीच्या हातच्या,” म्हणाला. मीटर पारनेरहून असाच आला. हॅन्डलच्या मुठी एका बाईने धुण्याच्या काठीला बसवल्या होत्या. तिने काठी बोडकी करून मुठी दिल्या. कलाबाईने तेहतीस वर्षं नर्स म्हणून जेवढी बाळं हाती घेतली, त्यातल्या निम्म्यांनी गाडीला काही ना काही आहेर केला होता. प्रशांतने सगळ्यांची नावं शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवली होती, आभार मानायचे राहू नयेत म्हणून.

राहिली होती फक्त टाकी. ती टेबलावर पोत्यावर ठेवली होती, करडा प्रायमर मारलेली, आणि तिच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा पोचा.

“उद्या पेंटर येतोय,” प्रशांत म्हणाला. “त्याच्या आधी पोचा काढायचा की ठेवायचा, आज ठरवा. माझं मत विचाराल तर काढायचा. गाडी कंपनीतून बाहेर पडली तशी झाली पाहिजे. पुण्याच्या मेळाव्यात भिंग लावून बघतात.”

“मग मलाबी दे तुझ्या पेंटरकडं,” सहादू म्हणाला. “कंपनीतनं निघालो तसा करून घे म्हनावं. दात तेवढे नवे बसव.”

“अण्णा, चेष्टा नको. पोचा गाडीच्या मूळ स्वरूपात बसत नाही.”

“मी प्रशांतच्या बाजूने,” दीपा म्हणाली. “मगरीचा पोचा लोकांना दाखवायचा म्हणजे मला राहुरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

सहादू उठला आणि सरळ चुलीपाशी गेला.

कलाबाई खीर ढवळत होती. ऐंशीला टेकलेली बाई, पण पाठ अजून ताठ. शेडमध्ये प्रशांतने टाकीऐवजी पेट्रोलची बाटली टांगून इंजिन सुरू केलं, तसा डुगडुग डुगडुग आवाज अंगण ओलांडून आत आला. कलाबाईचा उजवा हात पळीवर होता. डावा हात मोकळा होता, आणि त्या डाव्या हाताची चार बोटं आपोआप मिटली, हळूच उघडली. सहादूने ते पाहिलं.

“वहिनी, पोरं पोचा काढनार म्हनतेत.”

“काढू द्या.”

“काढू द्या काय? त्यो गेला म्हंजे काय उरलं?”

“काय उरायचं? सुनील उरला की,” कलाबाई म्हणाली. “येतोयच आता. त्याची आईबी येतेय.”

“वहिनी, मला मोकळं करा. अठ्ठेचाळीस वर्सं झाली. दुसऱ्याचं शाल-नारळ घेऊन घेऊन खांदं दुखाय लागलं माजं.”

खरी गोष्ट या दोघांनाच ठाऊक होती. श्रावणातली भर दुपार. ढगफुटीसारखा पाऊस होऊन ओढा दुथडी. पलीकडच्या वस्तीवर छगनची बायको रतनबाई अडलेली, मूल, म्हणजे हाच सुनील, पायाळू, पाय आधी आलेले. एसटी बंद. राम मलेरियाच्या खात्यात होता, सात दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलेला. गाडी दारात. आणि गाडी चालवता येणारं माणूस अख्ख्या घरात एकच होतं: कलाबाई. नवरा दुपारी लवंडला की किल्ली काढून माळावर नेऊन ती आपली आपणच शिकली होती. सहादू राखणीला उभा असायचा, कुणी आलं की शीळ घालायला. त्या दिवशी ती पुढे बसली, पदर खोचला, आणि सहादू औषधाची पेटी पोटाशी धरून मागे. वस्तीच्या अलीकडे बाभळीआड तिने गाडी थांबवली आणि त्याच्या हाती दिली. छगनने पाहिलं ते एवढंच, की सहादू गाडी ढकलत येतोय आणि मागून नर्सबाई चालत येताहेत. म्हणजे गाडी चालवली सहादूने.

लायसन्स नाही, सरकारी नोकरी, त्यात आपल्या वस्तीतली बाई मोटारसायकलवर. गावाला तेवढं पुरलं असतं. “कुनाला सांगायचं न्हाई, भाऊजी,” ती म्हणाली, आणि सहादूने शब्द दिला. राम पुण्याहून आला, टाकीवरचा पोचा पाहिला, आणि माझ्या गाडीला न विचारता हात लावला म्हणून धाकट्या भावाशी वर्षभर बोलला नाही. एका घरात, एका पंगतीला, वर्षभर. सहादूने ते सोसलं.

“ते वर्सभर बोलले न्हाईत तुमच्याशी, माझ्यापायी,” कलाबाई खिरीत बघत म्हणाली. “मी रोज म्हनायची, आज सांगते, उद्या सांगते. मग बोलायला लागले तुमी दोघं, आन मला वाटलं, मिटलं. मग ते गेलेच. आता फोटोपुढं कंच्या तोंडानं सांगू, की तुमचा भाऊ निर्दोष हुता? तुमचे उपकार हायेत भाऊजी, लई हायेत. पन ह्ये तेवढं मागू नका. तुमी शब्द दिलाय.”

“दिलाय,” सहादू म्हणाला. “मी न्हाई मोडनार.”

आणि हे म्हणताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. आपण सांगायचं नाही एवढाच शब्द होता. तिने सांगू नये, असं कुठे ठरलं होतं?

सुनील आला तो दणक्यात आला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, अंगाने वळू, हातात फेट्याचं पुडकं. मागून रतनबाई, तिच्या डोक्यावर बाजरीचं गाठोडं, काखेत कलाबाईसाठी लुगडं. सुनील पायाळू म्हणून पंचक्रोशीत त्याचा भाव मोठा. कुणाच्या पाठीत चमक भरली की त्याला बोलावणं जातं, पायाळू माणसाची लाथ लागली की चमक जाते म्हणे.

“कुठं हाय आमचा डायवर?” त्याने आल्या आल्या सहादूच्या पायाला हात लावला. “अण्णा, औंदा भरजरी फेटा आनलाय.”

“आदी नर्सबाईच्या पाया पड, मुडद्या,” रतनबाई ओरडली.

“पडतो की. पन नर्सबाई आल्या कशावर? अण्णा न्हसते तर?”

“ते बी खरंच म्हना,” रतनबाई म्हणाली आणि कलाबाईचा हात हातात घेऊन शेजारी टेकली. “अण्णा, तुमच्यामुळं लेकरू दिसलं बाई मला.”

सहादूने मान खाली घातली. दर वर्षी या घटकेला त्याला खाली मान घालावी लागे आणि लोकांना वाटे, काय विनय आहे!

प्रशांतने टाकी अंगणात आणून ठेवली. सुनीलने पोच्यावर तळहात ठेवला, देव्हाऱ्यावर ठेवावा तसा.

“ह्यो काढायचा?” तो म्हणाला. “आरं ह्यो माझा जन्माचा दाखला हाय! ग्रामपंचायतीतला उंदरांनी खाल्ला, ह्यो तेवढा राहिला.”

“दाखला वेगळा ठेवू, सुनीलकाका. फोटो काढून फ्रेम करून देतो.”

“फोटोला हात लावून बघ, खड्डा लागतो का.”

रतनबाईने मान हलवली. “ऱ्हाऊ दे रं पोरा. गाडीनं अंगावर घेतलं म्हनून माझं लेकरू वाचलं.”

प्रशांत दीपाकडे बघायला लागला. दीपा मघाशी त्याच्या बाजूची, आता जरा डळमळली. रतनबाईच्या तोंडाकडे बघून कुणीही डळमळलं असतं. “मला एकच सांगा,” ती म्हणाली. “पोचा नक्की कशाचा? दर वर्षी ऐकतेय. बैलाचं शिंग झालं, मगर झाली. जे खरं असेल ते एकदा सांगा अण्णा. पराक्रमाचा असेल तर मी प्रशांतला सांगते, ठेव म्हणून. धडपडल्याचा असेल तर काढून टाकू दे.”

“बरोबर,” प्रशांत म्हणाला. “मला मान्य.”

“मलाबी मान्य,” सुनील म्हणाला. “कारन पराक्रमाचाच हाय.”

तेव्हा सहादूने मांडीवर थाप मारून ते वाक्य टाकलं, इश्वास ठेवू नका म्हणून. सगळे सरसावून बसले. कलाबाई पातेलं घेऊन ओसरीवर आली होती. ती वाट्यांत खीर वाढू लागली.

“आजपत्तर मी मोठेपना सांगितला,” सहादू म्हणाला. “आज खरं सांगतो. मला गाडी चालवायला धड येतच न्हवती.”

“असं कसं?” सुनील.

“आसंच. वेशीपासनं ओढ्यापत्तर तीनदा बंद पडली. एकदा म्हशीला धडकता धडकता वाचली. म्हैस मलाच शिव्या देत गेली.”

दीपा हसली. कलाबाई हसली नाही. तिने एक वाटी भरली, दुसरी उचलली.

“ओढ्यात घातली तर मधोमध गियर बदलताना क्लच दाबायचा ऱ्हायला. बसला गचका, आन बंद! पानी सायलेन्सरात. किक मारतोय, मारतोय, काय न्हाई. गाडी म्हंजे मेलेलं रेडकू.”

कलाबाईची पळी पातेल्यात थांबली. सहादूने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. डाव्या हाताची चार बोटं क्लचवर असावीत तशी मिटली होती, घट्ट.

“आन नर्सबाई?” रतनबाईने विचारलं.

“वहिनी मागं. त्या काय करनार? बाईमानूस. रडत हुत्या, भाऊजी मला उतरवा, भाऊजी मला भ्या वाटतंय.”

“नर्सबाई रडल्या?” रतनबाईचा चेहरा पडला. “मला तर येऊन दटावलं हुतं त्यांनी, रडू नको म्हनून.”

“तुझ्याफुडं दटावलं. माझ्यामागं रडत हुत्या.” सहादूला आता आपलीच जीभ चावत होती, पण माघार नव्हती. “शेवटी मी म्हनलं, उतरा आन ढकला. त्यांनी ढकलली. कशीबशी पल्ल्याड निघाली. आन चढावर वळन घेताना, काय सांगू, हँडलच फिरंना! सपशेल पडलो. टाकी दगडावर. त्यो ह्यो पोचा. पराक्रम न्हाई न् काय न्हाई. न येनाऱ्यानं गाडी चालवली, त्याची खूण.”

अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गोष्ट संपली आणि कुणी “केवढा होता दगड?” असंसुद्धा विचारलं नाही. विश्वास ठेवला लेकांनी! हीसुद्धा थाप गळ्याखाली गेली!

सुनीलने फेट्याचं पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “असू द्या अण्णा,” तो हळूच म्हणाला. “पडत-झडत का होईना, आला तर खरं तुमी. माझ्यासाठी तेच लई हाय.” आणि तो फेटा सोडायला लागला.

“मग ठरलं,” दीपा उठली. तिचा आवाज जरा ओला होता. “धडपडल्याचा पोचा. काढ रे प्रशांत.”

प्रशांतने खिशातून पेन्सिल काढली आणि पोच्याभोवती गोल केला, उद्या डेंटरने कुठवर ठोकायचं ते दाखवायला. रामचा फोटो ओसरीवरून बघत होता. सहादूने वहिनीकडे पाहायचं धाडस केलं नाही. आपण सोडवायला गेलो आणि तिच्या तोंडाला चिखल फासून बसलो, एवढंच त्याला कळत होतं. सुनील फेट्याचा पहिला पेच त्याच्या डोक्याला लावायला वाकला.

पातेल्यात पळी आपटली.

“थापा मारताय तुमी, भाऊजी!”

सगळे वळले. कलाबाई उभी होती, पदर कमरेला खोचलेला. तो कधी खोचला तिचं तिलाच कळलं नसावं.

“तीनदा बंद पडली? एकदासुद्धा पडली न्हाई! आन क्लच दाबायचा कसा ऱ्हाईल? ह्या गाडीला गियरच्या दांड्यावर पाय ठेवला की क्लच आपोआप सुटतो, हातानं दाबावा लागतो त्यो फक्त निघताना. इचारा प्रशांतला!”

प्रशांतचा हात टाकीवरच थिजला. “खरंय,” तो म्हणाला. “पण मला ते क्लचचं झाकण उघडल्यावर कळलं. आजी, तुला...?”

“ओढ्यात मी मूठ सैल सोडली न्हाई, म्हनून पानी शिरलं न्हाई सायलेन्सरात. बाभळीचा ओंडका आला वाहत, डाव्या बाजूनं बसला टाकीवर. गुडघ्यानं टाकी आवळून धरली आन काढली पल्ल्याड! पडले न्हाई मी!” तिचा आवाज फाटला. ती रामच्या फोटोकडे वळली, त्यालाच सांगावं तशी. “ऐकलं का, मी पडले न्हाई! तुमच्या भावानं गाडीला हातसुद्धा लावला न्हवता.” मग पळी सहादूवर रोखली. “आन मागं बसून, माझ्या पाठीत डोकं खुपसून रडत हुता ते तुमी!”